गळाची काठी घेताना ग्रॅम वाचा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नारळी पौर्णिमा होऊन पाणी निवळू लागले की कोकणातल्या जेट्टींवर, खडपांवर आणि खाड्यांच्या मुखांशी हौसेने गरवणारे, म्हणजे गळाने मासे धरणारे, दिसू लागतात. यातले बरेच जण पहिली काठी ऑनलाइन मागवतात आणि लांबी व किंमत एवढेच पाहतात. जाहिरातीतही बहुधा तेवढेच असते: ‘१२ फुटी, हेवी ड्यूटी, समुद्रासाठी’. काठी किती ग्रॅम वजन फेकू शकते, हा खरा कामाचा आकडा शोधावा लागतो. विक्रेत्यांनी तो मराठीत ठळक द्यावा आणि घेणाऱ्याने तो विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत, यासाठी हे पत्र.

हा आकडा रीळ बसते त्याच्या थोडा वर, दांड्यावर छापलेला असतो, जसे १०-४० ग्रॅम. यापेक्षा हलके वजन लावले तर काठी वाकतच नाही आणि आमिष पायाशी पडते. जड लावले तर ती मोडू शकते. वरच्या मर्यादेच्या साधारण दोन तृतीयांश वजनाला काठी सर्वांत चांगली फेकते. वजन मोजताना शिसे, गळ आणि आमिष सगळे धरायचे, आणि नेमके इथेच चुकते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाण्याची ओढ कमी असताना, ३० ग्रॅम शिसे जिथे तळाला टिकते, तिथे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ६० ग्रॅमही वाहून जाऊ शकते. ६० ग्रॅम शिसे आणि बांगड्याचा ३० ग्रॅमचा तुकडा म्हणजे ९० ग्रॅम झाले. ४० ग्रॅमच्या काठीने ते ताकद लावून फेकले की काठी मोडू शकते आणि दोष मात्र काठीला मिळतो. तळाला आमिष सोडून बसणाऱ्यांनी ४०-१०० ग्रॅमचीच काठी घ्यावी.

किनाऱ्यावरून नकली आमिषाने गरवण्यासाठी एकच काठी घ्यायची असेल तर साडेआठ-नऊ फुटी, दोन तुकड्यांची, १०-४० ग्रॅमची आणि मीडियम-हेवी ताकदीची घ्यावी. खाडीमुखातला जिताडा, खडपातली तांबोशी आणि गोबरा या सगळ्यांना ती पुरते. तिच्यावर ३००० ते ४००० मापाचे रीळ आणि दीड ते दोन पीई (विणलेल्या दोरीच्या जाडीचे माप) जाडीची विणलेली दोरी लावावी. दोरीपुढे ३० ते ४० पौंडी तंगुसाचा दोन-तीन हातांचा लीडर, म्हणजे गळाआधीचा मजबूत तुकडा, हवाच. जिताड्याच्या गालपटाची धार आणि खडपावरची कालवे उघडी दोरी क्षणात कापतात. होडीतून किंवा तिवरांच्या कडेने गरवायचे तर ७ फूट पुरे, त्याहून लांब काठी फांद्यांत अडकते. १२ फुटी काठी कामाची आहे ती पुळणीवर, लाटा फुटतात त्यापलीकडे ८०-१०० ग्रॅम शिसे टाकायला. जेट्टीवर मासा बहुतेकदा खांबांच्या आडोशालाच असतो. तिथे ती नुसते मनगटाचे दुखणे.

ताकद आणि वाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानातही त्यांची गल्लत होते. किती ओढ सोसते ती ताकद, कुठून वाकते तो वाक. ‘फास्ट’ काठी वरच्या तिसऱ्या भागात वाकते, ‘मॉडरेट’ काठी निम्म्यापर्यंत. तांबोशी गळाला लागताच दगडात घुसते, म्हणून बुंध्यात ताकद हवी. जिताडा पाण्याबाहेर उडी मारून डोके झटकतो. विणलेली दोरी ताणत नाही, त्यामुळे काठीही ताठ असेल तर गळ सुटून येतो. दोन्ही साधायचे तर मॉडरेट-फास्ट वाकाची काठी बरी. निव्वळ उंच प्रतीच्या कार्बनचा हट्टही नको. तो हलका असतो, पण जांभ्यावर आपटला की बारीक चीर जाते आणि काठी नंतर, मासा लागल्यावर, मोडते. खडपावर काचतंतू मिसळलेली थोडी जड काठी जास्त टिकते.

खारे पाणी आधी दोरी ओवायच्या कड्या खाते. चौकट स्टेनलेस स्टीलची आणि आतली वाटी सिरॅमिकची असावी; नुसता मुलामा असलेल्या कड्यांना लवकरच गंज चढतो. नऊ फुटांपर्यंतच्या काठीचा ढोबळ हिशेब असा, की काठी जितके फूट तितक्या कड्या, शिवाय शेंड्याची वेगळी. आठ-नऊ फुटी काठीला पाचच कड्या असतील तर वाकल्यावर दोरी दांड्याला घासणार. दुकानात रीळ बसवून दोरी ओवावी, टोकाला पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली बांधून हळू उचलावी. दोरी दांड्याला टेकते का, कड्या फिरतात का, जोड करकरतो का, लगेच कळते. कड्यांतून कापसाची काडी फिरवावी; धागा अडकला तर वाटीला चीर आहे.

एसटीत सोयीची म्हणून टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांची, काठी खूप खपते. आमचा तिला समुद्रासाठी स्पष्ट विरोध आहे. सांध्यांत वाळू आणि मीठ शिरते, तुकडे अडकतात, फेकताना कड्या एका रेषेत राहत नाहीत. प्रवासच अडचणीचा असेल तर तीन-चार तुकड्यांची साधी काठी घ्यावी आणि सांध्याच्या आत जाणाऱ्या टोकावर मेणबत्ती घासावी.

चांगली काठी हमखास मोडते ती दोन वेळा. मासा पायाशी आल्यावर काठी उभी करून उचलला, की सगळा भार शेंड्यावर येतो. त्याऐवजी जाळी वापरावी किंवा लीडर हातात धरून मासा वर घ्यावा. दुसरे म्हणजे खडपात अडकलेला गळ काठीने हिसकणे. काठी दोरीच्या सरळ रेषेत धरून, हाताला फडके गुंडाळून दोरी ओढावी. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुताना रीळ काढून त्याखालचे आटेही धुवावेत.

विक्रेत्यांनी वेष्टनावर आणखी एक ओळ छापायलाच हवी. कार्बनची काठी वीज वाहून नेते. जेट्टीकडे जाणाऱ्या वाटेवर विजेच्या तारा असतील तर काठी सोडवून, आडवी धरून न्यावी. परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की ती खाली ठेवून आडोसा गाठावा, मासा लागलेला असला तरी.

आपले,
गळाने मासेमारी करणारे काही वाचक, रत्नागिरी