लेकीची ऑडिशन झाली, आता दोन उत्तरांची वाट बघतोय

शैले,

तुझा मेसेज येऊन पंधरा दिवस झाले, रोज ठरवते आज लिहायचं आणि राहून जातं. आज निवांत लिहिते. तुझ्याकडे गड्ड्याची जत्रा संपली असेल, इकडे अमेरिकेत कोलंबसमध्ये अजून बर्फच आहे. परवाच ओबरलिनहून ऑडिशन देऊन परत आलो.

तू विचारलंस की हे कॉलेज आहे की संगीत विद्यालय. अगं दोन्ही आहे, आणि म्हणून तर एवढा खटाटोप. ओबरलिन हे आमच्याच ओहायोतलं आठेक हजार वस्तीचं गाव, आमच्याकडून दोन तासांवर. कॉलेज 1833 चं, मुलींना मुलांच्या बरोबरीने पदवीच्या वर्गात घेतलं ते 1837 ला. आणि 1865 पासून त्याच आवारात कॉन्झर्व्हेटरी आहे, म्हणजे फक्त संगीताचं वेगळं शिक्षण. सगळी मिळून तीनेक हजार पोरं, त्यातली कॉन्झर्व्हेटरीत 600 च्या आत. पण सरावाच्या खोल्या दीडशेच्या आसपास आणि स्टाइनवे पियानो दोनशेच्या वर! मी त्या कॉरिडॉरमधून चालत गेले तेव्हा प्रत्येक दाराआडून वेगळं वाद्य ऐकू येत होतं, आणि मला आपला गांधर्वच्या परीक्षेचा दिवस आठवला, आपण दोघी बाहेर बाकावर बसून आतल्या मुलीच्या ताना मोजत होतो बघ.

आता मुद्द्याचं. लेकीला बॅसून, म्हणजे ते फुंकून वाजवायचं लांबलचक लाकडी वाद्य, ते पण सोडायचं नाही आणि बायॉलॉजी पण सोडायची नाही. डबल डिग्री म्हणतात तिथे, पाच वर्षं, शेवटी दोन पदव्या, एक बीए आणि एक संगीताची. पण अर्ज दोन्हीकडे करावा लागतो आणि दोघं आपापलं वेगळं ठरवतात. कॉलेजवाले मार्क, निबंध, शिक्षकांची पत्रं बघतात, कॉन्झर्व्हेटरीवाल्यांना मुख्यतः ऐकायचं असतं की पोरगी वाजवते कशी. एकीकडून हो आणि दुसरीकडून नाही असंही होतं, आणि मग ते पाच वर्षांचं जमत नाही. विस्कॉन्सिनच्या लॉरेन्समध्येही असं पाच वर्षांचं आहे, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या बार्डमध्ये तर 2005 ला कॉन्झर्व्हेटरी निघाली तेव्हापासून संगीताच्या प्रत्येक मुलाला दुसरा विषय घ्यावाच लागतो. तिकडेही अर्ज टाकलेत, पण तिचा जीव ओबरलिनमध्येच आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका कॅम्पमधल्या सरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं की दोन्हीकडे पाय ठेवणारा कुठेच पोचत नाही, एक निवड. आठ दिवस पोरगी नीट जेवली नाही. मला राग आला शैले, अजून येतो. सतरा वर्षांच्या मुलीला असं का सांगायचं?

कारण तिचं बघ ना कसं आहे. बॅसूनची पत्ती, म्हणजे तोंडात धरून फुंकायची रीड, ती स्वतः बनवते. शाळेत बोरू असायचा ना आपल्याकडे, तसलंच उंच जाड गवत असतं, अरुंडो डोनॅक्स नावाचं, दक्षिण फ्रान्समधलं चांगलं समजतात. ते भिजवायचं, दुमडायचं, तारा आवळायच्या, दोरा गुंडाळायचा, मग टोक कापून चाकूने एवढं एवढं तासत बसायचं. दहातल्या दोन धड निघतात. आणि हिला प्रश्न काय, की एकाच कांडातल्या दोन पत्त्या वेगळ्या का वाजतात? शाळेच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली बघत बसली, आतल्या पेशी, तंतू, त्याच्या वह्या भरल्यात. हेच गवत कॅलिफोर्नियात नदीकाठी माजून डोकेदुखी झालंय, तेही तिनेच शोधून काढलं. कॉलेजच्या निबंधात तिने हेच लिहिलं. मी वाचला आणि मला कळलं की तिच्या डोक्यात हे दोन विषय नाहीतच, मग मी कुठला सोड म्हणू?

ऑडिशनच्या आदल्या रात्री हॉटेलात तिची सगळ्यात चांगली पत्ती टोकाला चिरली. हीटरची कोरडी हवा, दुसरं काय. मी घाबरले, ती नाही. डबीतली तिसऱ्या नंबरची काढली, भिजवली, अर्धा तास तासली, वाजवून बघितली आणि झोपली पण! सकाळी मोझार्टचं बॅसून काँचेर्टो वाजवलं, 1774 चं, त्याने अठराव्या वर्षी लिहिलेलं, बॅसूनवाल्यांना ते बहुतेक सगळीकडे वाजवावंच लागतं. मला आत सोडलं नाही, मी बाहेर. बाहेर आली तेव्हा म्हणाली, खालचे सूर छान लागले आई.

पैशाचं विचारशीलच. सगळं धरून वर्षाला 80 हजार डॉलरच्या वर जातं, आणि हे पाच वर्षं. घरची परिस्थिती बघून मदत देतात, कॉन्झर्व्हेटरीची वाजवण्यावर वेगळी स्कॉलरशिप असते. सगळे कागद भरून दिलेत, हे रात्री एक-एक वाजेपर्यंत बसायचे. मदत बरी मिळाली नाही तर नाही म्हणावं लागेल, ते तिलाही आधीच सांगितलंय, लपवलं नाही.

उत्तरं एप्रिल उजाडेपर्यंत येतील. दोन्ही हो यावेत असं मला फार फार वाटतंय, तुझ्याजवळ नाही तर कुणाजवळ बोलू.

आणि एक काम कर ना माझं. तिला मी आपल्या सोलापूरच्या सुंदरीबद्दल सांगितलं, सनईसारखीच पण इवलीशी, तर ती मागेच लागलीय की तिची पत्ती कशाची असते. तुमच्या गल्लीत लग्नात वाजवायला यायचे ते सनईवाले काका अजून आहेत का? त्यांना विचारून सनईच्या दोन आणि जमलं तर सुंदरीच्या दोन पत्त्या घे, जुन्या वापरलेल्या असल्या तरी चालतील, पण कापसात गुंडाळून डबीत घाल, टोकं फार नाजूक असतात. भावोजी मार्चमध्ये शिकागोला येतायत ना, त्यांच्याबरोबर पाठव. शेंगाचटणी पण दे जागा उरली तर.

तुझीच,
मंगल