अण्णांचा रिपोर्ट

प्रिय सुमे,

हे फोनवर बोलता येत नाही. अण्णा शेजारच्या खोलीत असतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत. माझा गुडघा तसाच, ते सोड.

अण्णांना प्रोस्टेटपायी लघवीची नळी घातलीय. परवा लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघतात ती तपासणी, आली: ई. कोलाय जंतू, मिलिलिटरमागे एक लाखाच्या वर. दादाचं लगेच फर्मान, अँटिबायोटिक सुरू करा! डॉक्टर म्हणाले, ताप नाही, हुडहुडी नाही, ओटीपोट दुखत नाही, मग गोळ्या कशाला? दादाच्या मते डॉक्टर चिकट. जणू गोळ्या त्यांच्याच खिशातून जायच्यात.

अगं, नळी असली की रोज शंभरातल्या तीन ते सात जणांच्या लघवीत नव्याने जंतू येतात, महिन्याभरात जवळपास सगळ्यांच्याच. नळीला बुळबुळीत थर धरून मुक्काम ठोकतात, एवढंच. लॅबमध्ये वाढवलेला तुझ्या नाकातला स्टॅफ जंतू आठवतो? प्लेटवर सोनेरी वसाहती, आणि तू मॅडमना सांगितलंस, प्लेट मंदाची! अजून कबूल करत नाहीस. दहातल्या तिघांच्या नाकात तो गुपचूप असतो. ऑपरेशनच्या जखमेत शिरला की तोच पू करतो. ई. कोलायचंही तेच. आतड्यात जन्मभराचा भाडेकरू, रक्तात उतरला की सेप्सिस, म्हणजे जिवावर बेतणारं दुखणं.

दादाला पटवलं, की उगाच गोळ्या दिल्या तर आतड्यातले गरीब बिचारे जंतू मरतील, क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल हा दुष्ट जंतू माजेल, जुलाबांनी अण्णा गळून जातील, आणि नळीत उरतील ते औषधाला दाद न देणारे. त्याला पटलं. झोप माझी उडाली. कारण दुखणं सुरू झालं तरी रिपोर्ट हाच येणार, फरक कळायचा तो अण्णांकडे बघूनच. त्यात या वयात कधीकधी ताप येतच नाही, माणूस आधी असंबद्ध बोलायला लागतो. काल रात्री त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली. कपाळ गार. नळीला पीळ नव्हता, पिशवी पलंगाखाली नीट लटकत होती, लघवी उतरत होती. पण सुमे, अशी हाक ते वर्षभर अधूनमधून मारतातच! मग कालची कुठल्या खात्यात धरू? सकाळी डॉक्टरांच्या कानावर घातलं. आज येऊन बघणार आहेत, सगळं ठीक असलं तर नळी काढून बघू म्हणाले. तुला काय वाटतं? खरं सांग, धीर देऊ नकोस.

ओंकारला कुठे ॲडमिशन मिळाली? बदलीचं काय? सविस्तर लिही. आणि दादाचा फोन आला तर तू बाहेरगावी आहेस.

तुझीच,
मंदा