टप अडला की लगेच मोटर बदलू नका

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या कन्व्हर्टिबल (टप उघडता येणाऱ्या) गाड्यांवरचा लेख इथे मिशिगनमध्ये ई-पेपरवर वाचला. फोटो झकास होते. पण बटण दाबून टप हलला नाही तर मोटर गेली समजावं आणि टप हलवणारं तेल कमी असेल तर ब्रेक ऑइल ओतावं, असा जो सल्ला त्यात दिलाय, तो वाचून पत्र लिहायला बसलो. पहिल्या सल्ल्यापायी माझे अकराशे डॉलर जाता जाता वाचलेत. दुसऱ्यापायी कुणाच्या तरी गाडीचं वाटोळं होईल.

माझ्याकडे १९६६ ची शेव्हरोले इम्पाला आहे. आमच्या लहानपणी कोल्हापुरात ‘काय इम्पालातून आलास काय?’ असं सायकलवरनं येणाऱ्यालाही विचारायचे, तीच ही. डेट्रॉईटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. १९९५ पासूनची प्रथा आहे. तिथे टप न उघडता गाडी न्यायची म्हणजे लग्नात मुंडावळ्या न बांधता उभं राहण्यासारखं. आणि नेमका जूनमध्ये टप अर्ध्यात अडला. कण्हल्यासारखा आवाज, मग खट्, मग शांत.

गॅरेजवाल्याने मागची सीट न उघडताच निदान केलं: टपाचा पंप गेला, टप उचलणारे दोन्ही सिलिंडरही बदलून घ्या. मी गाडी परत आणली. वडिलांचा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ होता. तिथले एक मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगला आणि मूठ कानाला लावून मशीनचं दुखणं सांगायचे. मी तेच केलं. सीटची पाठ काढली, पंपाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि बायकोला डॅशबोर्डखालचा स्विच ओढायला सांगितलं.

या गाड्यांची रचना सोपी आहे. मागच्या सीटमागे विजेची मोटर, तिला जोडलेला पंप आणि तेलाची टाकी. तिथून होस, म्हणजे तेलाच्या नळ्या, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरना जातात. मोटरला दोन वायरी, एक टप चढवायला आणि एक उतरवायला. अर्थिंग मात्र दोन्हींना एकच. म्हणून टप एकीकडे जातो आणि दुसरीकडे जात नाही, असं असेल तर अर्थिंग बहुधा ठीक असतं, तपास स्विचपासून सुरू करावा. मोटर जोरात फिरतेय पण टप जागचा हलत नाही, तर आधी पुढच्या काचेवरचे खटके सोडलेत का ते पाहावं (हसू नका, मी एकदा विसरलोय), मग तेल. टप तिरका चालत असेल तर एका बाजूचा होस दुमडलाय किंवा सिलिंडर गळतोय. गालिचा बोटाने दाबून पाहिला की कळतं. आणि हे सगळं इंजिन चालू ठेवून करावं. ही मोटर करंट भरपूर ओढते, अशक्त बॅटरीवर तीही अशक्तच वाटते.

माझी मोटर फिरत होती, पण दमेकऱ्यासारखी. व्होल्ट मोजायच्या मल्टिमीटरची एक पिन मोटरच्या अर्थिंग वायरला, दुसरी बॉडीच्या घासून उघड्या केलेल्या पत्र्याला लावली आणि बायकोला ‘ओढ’ म्हटलं. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसले पाच व्होल्ट! म्हणजे बाराच्या बॅटरीतले पाच त्या एका सांध्यातच खलास. पंप बसतो रबराच्या पायांवर, त्यामुळे त्याचं सगळं अर्थिंग त्या एका वायरीवर अवलंबून. आधीच्या मालकाने सीटमागचा पत्रा हौसेने रंगवला होता आणि वायरीचा स्क्रू त्या रंगावरच आवळला होता. जम्पर केबल घेऊन पंपाची बॉडी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली आणि टप असा उठला की बायको दचकून मागे सरली. पॉलिश पेपरने रंग खरवडला, नवा स्क्रू लावला. खर्च एक डॉलरही नाही.

आता तेलाचं. साठच्या दशकात या गाड्यांच्या टपात ब्रेक ऑइल असायचं, हे खरं आहे, आणि तिथेच लेखकाची गफलत झाली असावी. आज मिळणारे नवे पंप आणि सिलिंडर साधारणपणे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ट्रान्समिशन ऑइलवर (एटीएफ) चालणारे असतात. एकाचं रबर दुसऱ्यात फुगतं, सील जातात. मधल्या साठ वर्षांत कुणी काय बदललंय ते गाडीच्या वयावरून सांगता येत नाही. टाकीतला एक थेंब पाण्याच्या वाटीत टाकून पाहावा. विरघळला तर ब्रेक ऑइल, लालसर तवंग होऊन वर तरंगला तर ट्रान्समिशनचं. जे आहे तेच घालावं. शिवाय ब्रेक ऑइल सांडलं तर बॉडीचा रंग खातं. भरल्यावर टप चार-पाच वेळा वर-खाली केला की आतली हवा निघते आणि गचके थांबतात. अर्ध्यावर उभ्या टपाचा होस मात्र कधीही सोडू नये. आधी लाकडाचा टेकू द्यावा, नाहीतर सगळा सांगाडा बोटांवर येतो.

ब्रेक ऑइलबद्दलची दुरुस्ती तेवढी पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती.

टप आता झकास चालतो. तो वर चढवून लावल्यावर पावसात ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्यावर मात्र पाणी ठिबकतं. काचेवरचं रबर मी दोनदा बदललंय, तरी तेच. आपल्या वाचकांत कुणी यातला जाणकार असेल तर त्याने जरूर लिहावं.

आपला,
एक इम्पालावाला
ट्रॉय, मिशिगन (मूळ कोल्हापूर)