तक्रार: वाशीमवर बोट ठेवलं की नंदुरबार उघडतो

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

काल दुपारी तुमच्या हेल्पलाइनवर सहाव्यांदा फोन केला. आता लेखीच देते.

तुमच्या सॉफ्टवेअरवर मी चौथीच्या वर्गासाठी महाराष्ट्राचा इमेज मॅप केला, म्हणजे ज्या जिल्ह्यावर क्लिक करावं तो उघडेल असं चित्र. ३६ जिल्हे, प्रत्येकाचा पॉलिगॉन, म्हणजे हद्दीचा आकार, हाताने आखलेला. नुसता कोकण किनारा आखायला दोन रविवार गेले. तुमचा तयार नकाशा मला वापरता आला नाही, कारण त्यात पालघर अजून ठाण्यातच आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.

लॅपटॉपवर सगळं चोख चालतं. मोबाइलवर मात्र १२०० पिक्सेलचं चित्र ४०० वर येतं आणि तुमच्या सॉफ्टवेअरने लिहून दिलेले कोऑर्डिनेट, म्हणजे क्लिकच्या जागा ठरवणारे आकडे, १२०० चेच राहतात. चित्र आकसतं, क्लिकच्या जागा जिथल्या तिथे. म्हणून वाशीमवर बोट ठेवलं की नंदुरबार उघडतो, सोलापूरवर ठेवलं की नाशिक. नागपूरवर काहीच होत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी लॅपटॉप नाहीत. आईवडिलांचा फोन मिळतो, तोही संध्याकाळी.

हे सगळं मी कालच्या तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं. तो म्हणाला, "फोन रीस्टार्ट करा." केला. "दुसरा ब्राउझर वापरा." तेही केलं. मग मी म्हटलं, अहो, चित्राची दिसणारी रुंदी भागिले मूळ रुंदी, त्याने प्रत्येक कोऑर्डिनेटला गुणायला हवं, तेवढी सोय द्या. त्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, घरात कोणी तरुण मुलगा असेल तर त्याच्याकडे फोन द्या ना." मी त्याला पुन्हा विचारलं, काय म्हणालात? त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी सावकाश, मला ऐकू येत नसल्यासारखं. मी २३ वर्षं शिकवते आहे. ज्याला येत नाही त्याच्याशीही मी असं बोलत नाही, आणि इथे तर मला येत होतं.

आणखी एक. मुंबई शहर इतकं लहान की फोनवर बोट बसत नाही, म्हणून मी त्यावर मोठं वर्तुळ काढलं. ते शेजारच्या जिल्ह्यांवर चढतं. दोन जागा एकमेकींवर आल्या की यादीत आधी असलेली क्लिक घेते, म्हणून मुंबई वर हवी. तुमचं सॉफ्टवेअर नवीन जागा कायम शेवटी टाकतं. मी एचटीएमएल, म्हणजे पानाचा कोड, उघडून मुंबईची ओळ हाताने वर नेली. पुढच्या वेळी सेव्ह केलं आणि ती परत तळाला गेली. तीन वेळा.

शिवाय ३६ ही जागांचा ऑल्ट मजकूर, म्हणजे फोन मोठ्याने वाचून दाखवतो ते नाव, रिकामा. वर्गातल्या एका मुलीला दिसत नाही, ती फोनच्या आवाजावर अभ्यास करते. तिला एकाही जिल्ह्याचं नाव ऐकू आलं नाही. ती नावं भरण्यासाठी एक साधा रकाना ठेवायला तुम्हाला काय अडचण होती?

४,७२० रुपये मी पगारातून भरले. तुमच्या जाहिरातीत 'मोबाइलवरही चालते' असं लिहिलं होतं, त्यावर विश्वास ठेवून. वाशीमवर नंदुरबार उघडणं म्हणजे मोबाइलवर चालणं नव्हे.

पंधरा दिवसांत एक तर चित्राबरोबर कोऑर्डिनेट बदलतील अशी दुरुस्ती द्या, किंवा माझे आखलेले पॉलिगॉन एसव्हीजीमध्ये, म्हणजे रेषा-आकारांच्या चित्राच्या फाइलमध्ये, काढून द्या. व्ह्यूबॉक्स, म्हणजे त्या चित्राची मूळ चौकट, नीट दिला की तिथे आकार चित्राबरोबरच लहानमोठे होतात. दोन्ही जमत नसेल तर पैसे परत करा. नाहीतर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवीन आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. सहाही फोनच्या तारखा आणि वेळा माझ्या वहीत आहेत.

उत्तर लेखी पाठवा. फोन करू नका.

आपली ग्राहक,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षिका