राजा झोपायचा कुठे?

महोदय,
पर्यटन पुरवण्यांतली राजवाड्यांची वर्णने बहुतेकदा खोल्या आणि झुंबरे मोजण्यातच संपतात. राजा झोपायचा कुठे, एवढे जरी सांगितले तरी त्याची राजपदाची कल्पना कळते. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५६३ ते १५८४ या काळात माद्रिदजवळ एस्कोरियल बांधला. ग्रॅनाइटच्या त्या एकाच वास्तूत मठ, ग्रंथालय, राजनिवास आणि वडील पाचवा चार्ल्स यांच्यासह राजघराण्याचे दफनस्थान. अमेरिकेपासून फिलिपिन्सपर्यंत सत्ता असलेल्या या माणसाची निजण्याची खोली मात्र लहानशी, चर्चला लागून, अंथरुणावरून वेदी दिसेल अशी. १५९८ मध्ये तो तिथेच वारला. राजा म्हणजे देवाचा कारकून, असेच काहीसे. रात्रंदिवस कागदपत्रांत बुडालेल्या फिलिपला ते शोभतेही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई हा त्याचाच पणतू. त्याने १७०१ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्याच्या ऐन मध्यावर शयनगृह आणले. त्याचे उठणे-निजणे हाही दरबारी सोहळाच. मला तरी धाक वाटतो तो फिलिपच्या खोलीचा. यापुढे राजवाड्यांवरील लेखांसोबत छायाचित्रांइतकाच ठळक नकाशाही छापावा, ही विनंती.
– एक वाचक, सातारा