पक्याला पत्र: बग्गीला पत्रे लावण्याआधी

पुणे,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय पक्या,

परवाचा फोन अर्धवट राहिला. "पत्रे थेट पाइपवर रिव्हेट मारून लावतो, दोन दिवसांत विषय संपेल," असं तू म्हणालास, मी "नको" म्हणालो आणि तेवढ्यात तुला कुणीतरी हाक मारली. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. माझा तो "नको" दीड वर्ष भोगून आलेला आहे आणि तो फोनवर सांगून संपणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. रानात पळवायच्या या बग्गीची, म्हणजे पाइपांच्या उघड्या सांगाड्याच्या गाडीची, फ्रेम तू किती जीव लावून केलीस ते मी पाहिलंय. प्रत्येक सांध्याला पाइपचं तोंड कानसीनं घासून, फट राहू न देता बसवलंस. त्या पाइपांची आता चाळणी व्हायला नको.

माझ्याकडे काय झालं ते आधी ऐक. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात नऱ्ह्याच्या शेडमध्ये मी दोन्ही बाजूंचे, खालचे आणि मागचा असे सगळे पत्रे 4.8 मिलिमीटरच्या पॉप रिव्हेटनी, म्हणजे भोकात घालून बाहेरूनच गननं ओढून पक्क्या करायच्या रिव्हेटनी, सरळ पाइपवर ठोकले. एकेका बाजूला बावीस रिव्हेट. एका ओळीत, सारख्या अंतरावर, इतके सुंदर दिसत होते की मी रात्री उशिरापर्यंत शेडमध्ये नुसता बघत बसलो होतो. मुळशीकडच्या मुरमाड रानात तीन-चार रविवार झाले आणि पत्रा वाजायला लागला. आधी नुसती कुरकुर, मग खणखण. बघतो तर पत्र्यातली भोकं गोलाची लांबट झालेली.

कारण साधं होतं, मला आधी सुचायला हवं होतं. एक पुढचं चाक दगडावर चढतं आणि तिरकं मागचं चाक खड्ड्यात जातं, तेव्हा अख्खी फ्रेम पिळली जाते. थोडीच, पण प्रत्येक खड्ड्याला. सपाट पत्रा मात्र आपल्या पातळीत फार ताठ असतो, तो पिळायला तयार नसतो. मग सगळा ताण येतो रिव्हेटवर, आणि रिव्हेट मऊ पत्र्याचं भोक चावत सुटतो. त्यात ऊन. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. मीटरभर पत्रा सकाळच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात आला, चाळीस अंशांचा फरक पडला, की दोघांत अर्ध्या मिलिमीटरचं भांडण उभं राहतं. रिव्हेट जागा सोडत नाही, मग पत्रा तरी फुगतो नाहीतर भोक तरी फाकतं.

पण खरा धक्का पावसाळ्यात बसला. ऑगस्टमध्ये गिअरची केबल बदलायची होती. काम पंधरा मिनिटांचं, पण केबल उजव्या पत्र्यामागे. बावीसच्या बावीस रिव्हेट ड्रिलनं उडवायला लागले. खालच्या पाइपवरच्या तिसऱ्या रिव्हेटचं डोकं उडालं, ड्रिल बाहेर काढलं आणि भोकातून पाणी आलं. विटकरी रंगाचं, लोखंडाचा वास असलेलं पाणी, थेंब-थेंब नाही, बारीक धार. मी बोट लावलं तर बोटावर गंजाची पूड. म्हणजे दोन महिने रिव्हेटच्या भोकांतून पाणी पाइपात शिरत होतं आणि माझी फ्रेम आतून खाल्ली जात होती. बाहेरून पावडर कोटिंग चकाचक. वर उडवलेल्या रिव्हेटची शेपटं पाइपात पडली ती पडलीच. आजही गाडी वळणावर कलली की ती आत गडगडत या टोकाकडून त्या टोकाला जातात. प्रत्येक वेळी जीव तुटतो.

म्हणून सांगतो, फ्रेमच्या पाइपला भोक पाडू नकोस. रिव्हेटसाठी नको आणि रिव्हनटसाठी तर मुळीच नको. रिव्हनट, म्हणजे रिव्हेटसारखा भोकात पक्का बसणारा आणि आत बोल्टसाठी आटे असलेला नट, चीज उत्तम आहे. 1930च्या दशकात अमेरिकेत गुडरिच कंपनीनं विमानाच्या पंखांवर बर्फ झटकणाऱ्या रबरी पट्ट्या बसवायला तो काढला, कारण पंखाच्या आतून नट धरायला हात जात नाही. पण सहाच्या बोल्टच्या रिव्हनटला साधारण नऊ मिलिमीटरचं भोक लागतं. तुझा पाइप पंचवीसचा. व्यासाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग तू कापून टाकणार, आणि तोही अशा पाइपचा, जो गाडी उलटली तर तुझं डोकं वाचवणार आहे. रिव्हनट टॅबमध्ये, म्हणजे पाइपला वेल्ड केलेल्या छोट्या पट्टीत मार, पाइपात नाही.

मी आता सगळं टॅबवर घेतलंय. तीन मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचे पंचवीस बाय पंचवीसचे तुकडे, मध्ये भोक, कोपरे ग्राइंडरनं गोल केलेले. पाइपला दोन्ही अंगांनी छोटे-छोटे टाके, सलग वेल्डिंग नाही, म्हणजे पातळ पाइप तापून वाकडा होत नाही. दोन पाइप जिथे मिळतात त्या सांध्यापासून टॅब लांब ठेवला, कारण तिथे आधीच एकदा उष्णता बसलेली असते आणि ताणही तिथेच जास्त. दोन टॅबमध्ये दीडशे ते दोनशे मिलिमीटर अंतर. टॅब पाइपच्या मध्यावर न लावता किंचित आत घेतला की पत्रा पाइपला घासत नाही. शिवाय मधे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली. पत्र्यात भोक आठचं, बोल्ट सहाचा, वर रुंद वॉशर, खाली नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, धक्क्यानं सैल न होणारा. नट पिळून मारायचा नाही, रबर जरासं दबलं की थांबायचं. त्या दोन मिलिमीटरच्या मोकळिकीत फ्रेम हवी तेवढी पिळू दे, पत्र्याला कळतही नाही. भोकाचा मध्य कडेपासून निदान पंधरा मिलिमीटर आत ठेव, नाहीतर पत्रा कडेपर्यंत फाटत जातो.

ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना उघडे टेकू देऊ नकोस. पाणी मिळालं की दोघांची बॅटरी होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. माझ्या जुन्या पत्र्यावर प्रत्येक भोकाभोवती पांढरी भुकटी धरली होती. स्टेनलेसचे बोल्ट लावले म्हणून सुटका होत नाही, त्यानंही तेच होतं. बोल्टखाली नायलॉनचा वॉशर टाक. बोहरी आळीत मोजून नाही, वजनावर मिळतात.

आता तुझी अडचण. तू पावडर कोटिंग आधीच करून आणलंस. तळाच्या पत्र्यासाठी तरी मी म्हणेन, मन घट्ट करून टॅबच्या जागी बोटभर कोटिंग घासून काढ, टाके मार आणि झिंक प्रायमर लावून वरून रंग दे. कोटिंग जळू देऊ नकोस, धूर वाईट असतो आणि टाकाही कच्चा राहतो. वेल्डिंगआधी गाडीच्या बॅटरीची तार काढायला विसरू नकोस. बाजूच्या हलक्या पत्र्यांना मात्र रबर बसवलेले पी-क्लॅम्प चालतील. पाइपला कवटाळून बसतात, वेल्डिंग लागत नाही, हवे तसे सरकवता येतात. पाइपच्या मापाचेच घे. सैल क्लॅम्प फिरतो आणि रंग सोलतो. वर्षा-दीड वर्षानं रबर कडक होईल तेव्हा बदलायचे.

तुला आठवतंय ना, कॉलेजात बाहाची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बग्गी स्पर्धेची, गाडी करताना नियमात स्पष्ट होतं की पत्रे पक्के लावा, केबल टाय आणि वेल्क्रो चालणार नाही, आणि 6.35 मिलिमीटरपेक्षा मोठी फट ठेवायची नाही. तेव्हा आपण किती चिडलो होतो, पाव इंचासाठी एवढा जाच कशाला म्हणून. आता रानात बाभळीची वाळकी काटकी समोरून येते तेव्हा त्या पाव इंचाचा अर्थ कळतो. पायाच्या बाजूच्या फटी मी एकेक करून पाव इंचाचा ड्रिल बिट घालून तपासतो. बिट आत गेला की पत्रा पुन्हा काढायचा.

आणि काढायचा म्हणजे पटकन काढता यायला हवा, यावर मी आता सगळ्यात जास्त विचार करतो. बाजूच्या पत्र्यांना मी क्वार्टर टर्न, म्हणजे पाव फेऱ्यात लागणारे-सुटणारे खिळे, लावलेत. विल्यम डझस नावाच्या माणसानं 1930च्या दशकात विमानाची इंजिनावरची झाकणं झटकन उघडावीत म्हणून ही युक्ती केली. पत्र्यात एक जाड खिळा, त्याच्या टोकाला तिरकी वळणदार खाच. मागे टॅबवर दोन छोट्या रिव्हेटनी धरलेली वाकवलेली स्प्रिंगची तार. खिळा आत दाबून पाव फेरा फिरवला की खाच तारेला ओढून घेते आणि शेवटी तार खाचेच्या खड्ड्यात 'टक्' करून बसते. तो आवाज आला नाही तर बसलेलं नाही. स्प्रिंग स्वतःच ताण धरते, म्हणून धक्क्यानं सैल होत नाही. एका बाजूला मी चारच लावले, सगळे वरच्या कडेला. खालची कड दोन आकड्यांत अडकते. पत्रा आकड्यात टेकवायचा, वर ढकलायचा, चार वेळा टक्. गेल्या महिन्यात तीच गिअरची केबल पुन्हा ताणून घेतली. तेव्हा पत्रा एका मिनिटात बाहेर होता.

तळाचा पत्रा मात्र बोल्टनीच लाव आणि बोल्टची डोकी पत्र्यात बुडतील अशी घे, नाहीतर दगड ती तासून काढतात आणि मग उघडायला पाना बसत नाही. दोन तुकड्यांत करणार असशील तर कौलं आठव. पुढच्या तुकड्याची मागची कड मागच्या तुकड्याच्या खाली यायला हवी, म्हणजे गाडी पुढे जाताना दगड कडेत न अडकता मागे घसरतो. उलटं झालं तर पहिल्याच दगडाला पत्रा उकलतो. चिखलपाणी निघून जायला सगळ्यात खालच्या जागी दोन भोकं ठेव. सीटच्या मागे, इंजिनाच्या अलीकडे मात्र धातूचाच पत्रा, कसलीही फट नको. वायर जाते तिथे भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराचं कडं, कारण मागे पेट्रोल आहे आणि पुढे तू.

पत्रा कापण्याआधी पुठ्ठा काप. मी फ्रिजच्या खोक्याचे चार पुठ्ठे घालवले, पण भवानी पेठेतून आणलेल्या पत्र्याचा एक तुकडा वाया गेला नाही. पुठ्ठा पाइपला चिकटपट्टीनं धर, आतून पेन्सिल फिरव, मग सगळीकडून तीन मिलिमीटर कमी करून काप. धायरीत बेंडिंग करणारे एक काका आहेत. त्यांनी माझा फर्मा हातात घेतला, मोठ्या सपाट पत्र्यावर बोट वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "हा डब्यासारखा बोंबलणार." तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याच्या बाजूंवर दाबलेल्या रेघा असतात ना, त्या शोभेच्या नसतात, त्यांनीच पातळ पत्रा ताठ राहतो. काकांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके दोन हलके मोड दिले, लांबून दिसतही नाहीत. पत्रा गप्प झाला. कडांना रबरी बीडिंग लाव, नाहीतर गुडघे आणि पोटऱ्या कापल्या जातील.

खंडेनवमीला रिव्हेट गन सोडून सगळी हत्यारं मांडली होती. मग वाटलं, तिचा काय दोष, तीही आणून ठेवली. दसऱ्याला गाडीच्या नाकाला झेंडूचा हार घातला. अजून तसाच आहे, सुकलाय, पण काढवत नाही.

दिवाळीत येतोयस ना? येताना खालच्या चारही पाइपांचा बाहेरचा व्यास मोजून आण. टेपनं नको, व्हर्नियरनं मोज, आणि कोटिंगसकट. आलास की रविवारी सकाळी आधी क्लॅम्प बघायला जाऊ, मग शेडवर.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच