जागा ठरवताना म्हाताऱ्यांना का विचारलं नाही?

महोदय,

आजी-आजोबांनी सौरऊर्जा प्रकल्पाची भिंत रंगवल्याची कालच्या अंकातली बातमी वाचली. चित्रं सुरेख आहेत, रंगवणाऱ्यांचं मनापासून कौतुक. पण या प्रकल्पाच्या आखणीत ज्येष्ठांचा सहभाग होता असं जे त्यात म्हटलंय, त्याला माझी हरकत आहे. पॅनेलची जागा ठरली, खांब रोवले, तारा ओढल्या आणि मग म्हाताऱ्यांच्या हाती ब्रश दिला. यात आखणी कुठं आली?

आमच्या गावात सौरदिवे आले तेव्हा एक दिवा वेशीतल्या चिंचेच्या उत्तर अंगाला बसवायचं ठरलं. चैत्राचे दिवस, भर दुपारी तिथं ऊन रखरखत होतं. माझ्या सासूबाई मुद्दाम जाऊन म्हणाल्या, "पुसात दिस खाली उतरतो, मग चिचंची सावली हितवर येती. दिवा पल्याड लावा." ठेकेदाराच्या माणसानं "आजी, जागा सायबांनी ठरवलीय" म्हणून त्यांना वाटेला लावलं. मार्गशीर्षात सूर्य दक्षिणेला कलला आणि पॅनेलवर सावली आली. थोड्या भागावर सावली पडली तरी सबंध पॅनेलची वीज घटते. रात्री गावातली जेवणं उरकायच्या आत दिवा मालवायचा. पुढं दिवा काही हलवला नाही, चिंच मात्र छाटली! त्या झाडाखाली सासूबाईंची उन्हाळ्यातली बैठक असायची. मला अजून त्याचा राग येतो.

राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून २०२४ मध्ये मान्याचीवाडीचं नाव झालं, तीही आमच्याच पाटण तालुक्यातली. आता गावोगावी छपरांवर पॅनेल चढतील. तीन किलोवॅटच्या पॅनेलला सरकारकडून ७८ हजारांचं अनुदान मिळतं हे सगळ्यांना ठाऊक झालंय. पण तेवढ्या पॅनेलला तीनशेएक चौरस फूट गच्ची लागते, आणि कुरडया-सांडगेही त्याच गच्चीवर वाळतात. कुठला कोपरा मोकळा सोडायचा, धूळ पुसायला वर कोण चढणार, हे घरातल्या म्हातारीशी बोलल्याशिवाय कसं ठरवता?

कला हवीच. गावातल्या आयाबायांना चुना आणि गेरू द्या, देवळासमोर गावाचा नकाशा काढू द्या. कुठल्या महिन्यात कुठल्या झाडाची, कुठल्या माडीची सावली कुठवर येते, पावसाळ्यात पाणी कुठं तुंबतं, सगळं त्या बिनचूक मांडतील. इंजिनिअरनं तो नकाशा पाहून मग खांब रोवावेत. भिंत नंतरही रंगवता येते.

आणखी एक. बातमीतल्या फोटोखाली पाहुण्यांची नावं हुद्द्यांसकट छापलीत आणि रंगानं हात माखलेल्या बायकांना 'गावातील ज्येष्ठ महिला' एवढ्यावर उरकलंय. त्यांची नावं विचारून घ्या आणि पुढच्या अंकात छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. पाटण, जि. सातारा